बाळंतविड्यातली लोकर

हिर्डस मावळ, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानंद खोरं, जिथं जिथं आपला रेडिओ ऐकू येतो तिथल्या सगळ्या गटांना आमचा रामराम. हातातलं काम थांबवू नका. तांदूळ निवडता निवडता ऐका, विणता विणता तर जरूर ऐका, कारण आजचा विषय विणण्याचाच आहे.

लेक बाळंतपणाला माहेरी आली की बारशाच्या वेळी बाळंतविडा करायचा, ही आपली जुनी रीत. त्यात काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट. बाळंतिणीला साडी-चोळी. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. आणि या सगळ्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला लोकरीचा जोड: स्वेटर, टोपी आणि पायमोजे. कुणी मावशीनं विणलेला, कुणी आत्यानं, कुणी आजीनं.

हा जोड आपल्याला इतका आपला वाटतो की तो शिवाजी महाराजांच्या काळापासून चालत आला असावा असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. कुंची जुनी आहे, दुपटं जुनं आहे. दोन सुयांवरची लोकर मात्र आपल्याकडे बरीच उशिरा आली. ती कुठून आली, कुणाच्या हातून आली आणि आपल्या बाळंतविड्यात कशी शिरली, हे आज आम्ही सांगणार आहोत.

हा विषय निघाला तो गटाच्या बैठकीत. एका गटातल्या दोघी जणी बारशाचे जोड विणून विकायला लागल्या. नात्यातल्या बाया म्हणाल्या, "आपल्याच माणसांकडून पैसे घेता? हे तर मायेनं द्यायचं असतं." त्या दोघी म्हणाल्या, "माया आमची, पण लोकर काही झाडाला लागत नाही." वाद वाढला. मग आम्ही ठरवलं, भांडण्याआधी या सुईचा इतिहास तरी बघू. बघितल्यावर कळलं, की हे भांडण सुईइतकंच जुनं आहे.

आधी आपल्याकडे काय होतं ते बघू. आपल्या डोंगरात पाऊस धो धो आणि हिवाळ्यात नदीकाठाला बोचरी थंडी. अंगावर घ्यायला होती गोधडी आणि घोंगडी. गोधडी घरातली, जुन्या लुगड्यांची. आईचं, आजीचं, आत्याचं विरलेलं लुगडं एकावर एक ठेवायचं, कडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. वापरून वापरून लुगडं मऊ झालेलं असतं, म्हणून बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते जुन्या कापडात. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं, आणि मूल जन्मायच्या आधी त्याचे कपडे करून ठेवू नयेत असंही बऱ्याच घरांत मानतात. म्हणजे आपल्याकडे घरच्या माणसाला हातानं केलेली भेट द्यायची रीत होतीच. ती सुई-दोऱ्याची होती, लोकरीची नव्हती.

लोकर होती ती घोंगडीत. आपल्या डोंगरात राहणारे गवळी धनगर गाई-म्हशी पाळणारे. मेंढ्यांचे वाडे येतात ते पूर्वेकडून, फलटण-बारामतीच्या बाजूनं, आणि घाट उतरून कोकणात जातात. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. ती पिंजायची, कातायची, आणि मग मागावर घोंगडी विणायची. चिंचोक्याची खळ दिली की घोंगडी कडक होते, पाऊस चटकन आत येत नाही. लोकर कातण्याचं काम पुष्कळदा बायांचं, माग पुरुषांचा. घोंगडी खांद्यावर टाकायला, अंथरायला, देवाच्या जागरणाला चालते, पण तान्ह्या बाळाच्या अंगाला ती चालत नाही.

इथं एक गंमत बघा. मराठीत 'विणणं' हा एकच शब्द आहे. घोंगडी विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. पण काम वेगवेगळं. मागावर उभे-आडवे दोन धागे लागतात, आणि माग एका जागी रोवलेला असतो. दोन सुयांवर मात्र एकच धागा असतो आणि तोच स्वतःत अडकत पुढं जातो. लाकडाच्या नाही तर लोखंडाच्या दोन काड्या आणि एक गुंडा, एवढ्यावर काम होतं. ते पिशवीत मावतं, एसटीत करता येतं, गुरांमागं बसून करता येतं, दूध तापायला ठेवून करता येतं. मागाला जागा लागते, पैसा लागतो, घराची परवानगी लागते. सुईला यातलं काहीच लागत नाही. म्हणूनच पुढं ती बाईच्या हातात टिकली.

ही सुई आली दूरवरून. इजिप्त देशात विणलेले निळ्या-पांढऱ्या रंगांचे सुती मोजे सापडले आहेत. ते शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत, जगातल्या सगळ्यात जुन्या विणकामांत ते मोडतात. तिथून ही कला युरोपात पसरली. तिथं एकेकाळी मोजे विणणं हा पुरुषांचा धंदा होता आणि त्यांच्या संघटना होत्या. पुढं मोजे विणायचं यंत्र आलं आणि हळूहळू हाताचं विणकाम बायांच्या घरात आलं. म्हणजे 'हे बायकांचं काम' हे काही देवानं लिहून ठेवलेलं नाही. जोवर पैसा होता तोवर ते पुरुषांचं होतं.

क्रोशाची गोष्ट वेगळी. क्रोशे हा फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ लहान आकडी. आज आपण करतो तसं आकडीचं काम एकोणिसाव्या शतकात युरोपात वाढलं. आयर्लंड नावाच्या देशात १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ झाला. बटाटा हेच तिथल्या गरिबांचं जेवण. लाखो माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. त्या दुष्काळात तिथल्या जोगिणींनी आणि काही घरंदाज बायांनी गरीब घरांतल्या मुलींना क्रोशाची लेस शिकवली. ती लेस शहरात विकली जायची आणि त्या पैशावर घरात चूल पेटायची. बघा मैत्रिणींनो, आपण ज्याला 'फावल्या वेळेतला छंद' म्हणतो, ते काम दुष्काळात पोट भरायला कामी आलं होतं.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, मग अहमदनगरलाही काढल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असायचं. मुलीला अक्षर शिकवायला घरचे तयार नसत, पण 'शिवण शिकते' म्हटलं की थोडा विरोध कमी व्हायचा. सुईच्या आडून पाटी घरात आली असं म्हटलं तरी चालेल.

पण खरी गोष्ट सुरू होते ती विधवांच्या आश्रमांपासून. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, ज्या पुढं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढं हिंगण्याला गेला. पंडिता रमाबाईंनी १८९८ साली आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली-बाया तिथं राहिल्या. शेती, गोठा, माग, छापखाना, शिवण अशी कामं त्या शिकल्या. आणि १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं. तिथं नर्सिंगचं शिक्षण होतं, मास्तरीण होण्याचं शिक्षण होतं, आणि शिवणाचे, हातकामाचे वर्गही होते.

या सगळ्या ठिकाणी सुई कशासाठी होती? बाळंतविड्यासाठी नाही. ज्या बाईला नवरा राहिला नाही, सासरनं हाकललं, माहेरनं तोंड फिरवलं, तिला स्वतःच्या हातावर जेवता यावं म्हणून होती. त्या काळी विधवेला बारशाच्या पाळण्याजवळही कुणी उभं करत नसे. अशा बाईच्या हातात पहिल्यांदा कमाईची सुई आली. आपल्या हातातली सुई पुष्कळ अंशी तिच्याकडून आलेली आहे. बारशाच्या दिवशी आपण विणलेला जोड मांडतो तेव्हा ही गोष्ट आठवायला हवी. आजही आपल्या गावात एखाद्या विधवा बाईनं विणलेलं टोपरं बाळाला आधी घालायला कुणी का-कू करत असेल, तर तिला हा इतिहास ऐकवा.

मग ही कमाईची सुई घरातल्या मायेची कशी झाली? शिकलेल्या घरांतल्या मुली शाळेत शिवण-विणकाम शिकायला लागल्या. मासिकं निघाली. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालं. बायांच्या मासिकांतून स्वयंपाकाच्या कृतींसारखे विणकामाचे नमुने यायला लागले. लग्नात रुखवत मांडायचं तर त्यात क्रोशाचे रुमाल, तोरणं, ताटावरची झाकणं आली. मुलगी 'हाताची किती गुणी' हे त्यावरून ठरायला लागलं.

बायांनी या परक्या कामाला आपली भाषाही दिली. सुईवर टाके घालायचे, एक सुलट, एक उलट. क्रोशात साखळी, खांब, मुका खांब. हे शब्द कुठल्या पंडितानं बसून काढले असतील असं वाटत नाही, ते ओसरीवरचेच वाटतात. खांब म्हटलं की घराचा खांब डोळ्यापुढं येतो, मुका खांब म्हणजे बुटका, न बोलणारा. जिला लिहिता-वाचता येत नाही तीसुद्धा 'पाच साखळ्या, एक खांब' असं म्हणत नमुना पाठ करते आणि लेकीला देते.

घराबाहेरच्या माणसालाही बायांनी विणून दिलं. १९६२ साली चीनशी युद्ध झालं. हिमालयात बर्फात उभ्या असलेल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर देशभर बायांनी स्वेटर, मफलर, हातमोजे विणले आणि पाठवले. त्याच वेळी आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. कुठल्या जवानाच्या अंगावर कुणाचा स्वेटर गेला हे विणणारीला कधीच कळलं नाही. तरी ती भेट घरच्या माणसाला दिल्यासारखीच होती.

आपल्या भोर-वेल्ह्यात हे कधी आलं? भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचं संस्थान. त्या वर्षी ते विलीन झालं. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सरकारनं देशात सामूहिक विकास योजना सुरू केली. त्यातून पुढं गावोगाव ग्रामसेविका आल्या आणि महिला मंडळं निघाली. शेजारच्या सासवडला प्रेमाबाई कंटक यांनी कस्तुरबा ट्रस्टच्या कामातून ग्रामसेविका तयार केल्या. ग्रामसेविका बाळाचं पोषण सांगायची, शौचालयाचं सांगायची, आणि बायांनी जमावं म्हणून शिवण-विणकामही शिकवायची. नंतर बालवाडी आली, १९७५ पासून अंगणवाडी आली, शाळेत कार्यानुभवाचा तास आला.

दुसरी वाट मुंबईची. आपल्या खोऱ्यातल्या घरांघरांतली माणसं मुंबईला गिरणीत, गोदीत, माथाडी कामाला गेली. काहींच्या बायका चाळीत राहायला गेल्या आणि शेजारणींकडून विणकाम शिकून गणपतीला गावी आल्या. आम्ही गटांतल्या वयस्कर बायांना विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?" उत्तरं अशी आली: मास्तरांच्या बायकोनं, मुंबईच्या जावेनं, ग्रामसेविका बाईंनी, थोरल्या नणंदेनं. एकीनं सांगितलं की तिच्याकडे सुया नव्हत्या, तिनं छत्रीच्या मोडक्या काड्या घासून सुया केल्या. दुसरीनं सांगितलं की लोकर विकत घ्यायला पैसे नसत, म्हणून थोरल्याचा आखूड झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लडी करायच्या, धुऊन, ओझं टांगून वाळवायच्या, म्हणजे लोकर सरळ होते, आणि धाकट्याला नवा विणायचा. असा एकच गुंडा तीन पोरांच्या अंगावरून गेला.

हे ऐकल्यावर आम्हाला वाटलं, आपल्या घरांनी लोकर इतक्या सहज का स्वीकारली ते यात आहे. गोधडीचा नियमच तिला लागू पडला. जुनं टाकायचं नाही, त्यातूनच नवं करायचं, आणि एकाच्या अंगाची ऊब दुसऱ्याच्या अंगाला द्यायची.

आणखी एक कारण आहे. सासरी आलेली नवी सून फार बोलू शकत नसे. माहेरच्या माणसांना पत्र लिहायचं तर अक्षर येत नसे. पण भाचा झाला हे कळलं की बाराव्या दिवसाच्या आत रात्री दिव्यापाशी बसून ती टोपी-मोजे पुरे करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडायची. 'मी बरी आहे, मला तुमची आठवण आहे' हे त्या जोडानं सांगायचं. पैशाचा व्यवहार तिच्या हातात नसे, धान्याची कणगी तिच्या हातात नसे. पण विणलेली वस्तू तिची स्वतःची असे आणि ती कुणाला द्यायची हे तिचं ती ठरवू शके. म्हणून त्या भेटीला मोल होतं.

पण मैत्रिणींनो, नुसतं गोड गोड सांगून चालणार नाही. जी गोष्ट मनानं द्यायची तिची सक्ती झाली की तिचं ओझं होतं. रुखवतात पाच तोरणं पाहिजेत, दहा रुमाल पाहिजेत, असं झालं की मुलीचे दिवस त्यातच जातात आणि आईचे पैसे दोऱ्यात. 'तू घरीच असतेस, एक स्वेटर दे ना विणून' असं म्हणणारे लोकर कुणाच्या पैशाची हे विचारत नाहीत. घरी असते म्हणजे काय करते? केंद्र सरकारनं २०२४ साली माणसांच्या वेळेची पाहणी केली. त्यात आलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, आणि पुरुषाची ८८. विणायचा वेळ या २८९ मिनिटांनंतर काढायचा असतो. त्याला आपण फावला वेळ म्हणतो. तो झोपेतून काढलेला असतो.

काम फुकटचं मानलं की त्याचा फायदा दुसरा घेतो, हेही इतिहासात आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी नरसापूर नावाचं गाव आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात मिशनच्या बायांनी लेसकाम शिकवलं. पुढं क्रोशाची लेस परदेशी जायला लागली आणि हजारो बाया घरी बसून ती विणू लागल्या. जर्मनीच्या अभ्यासक मारिया मीस यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, ते १९८२ साली आलं. त्यांना काय दिसलं? बाया घरकाम करून दिवसातले कितीतरी तास लेस विणत होत्या, पण व्यापारी म्हणत, 'या घरी बसलेल्या गृहिणी, रिकाम्या वेळात विणतात.' त्यामुळे मजुरी शेतमजूर बाईपेक्षाही कमी, आणि पैसा व्यापाऱ्याच्या घरी. काम तेच, सुई तीच. पण 'ही कामगार नाही, गृहिणी आहे' या एका वाक्यानं तिची मजुरी खाल्ली.

आता आपला हिशोब मांडू. बारशाचा एक जोड, स्वेटर-टोपी-मोजे, सराईत हाताला साधारण सोळा तास लागतात असं आमच्या गटांतल्या बायांनी सांगितलं. म्हणजे आठ तासांचे दोन दिवस. २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दोन दिवसांचे झाले ६२४. त्यात लोकर आणि बटणांचे शंभर-दीडशे धरा. म्हणजे सातशे-साडेसातशेच्या खाली तो जोड विकला, तर आपण माती कामापेक्षा कमी मजुरीवर काम केलं. गिऱ्हाईक म्हणेल, 'बाजारात दोन-अडीचशेला मिळतो.' मिळतो, तो मशीनचा. त्याला सांगा की मशीनचा हवा तर तोच घ्या. भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी हातकामाची किंमत कळणारी गिऱ्हाइकं येतात. तिथं भाव पाडू नका, कारण एकीनं पाडला की शेजारच्या गावातल्या बाईचाही पडतो.

मग नात्यात काय करायचं? त्या बैठकीत दोन-तीन तास बोलणं झालं आणि शेवटी गटानं दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, वहीत दोन पानं करायची: एक विक्रीचं, एक भेटीचं. विक्रीच्या पानावर लोकर, तास आणि पूर्ण किंमत. नात्यातली असली आणि तिनं मागून घेतलं, तरी ती विक्री. भेटीच्या पानावरही लोकर आणि तास लिहायचे, पण पुढं किंमत नाही, फक्त कुणाला दिलं त्याचं नाव. जे आपण होऊन, आपल्या मनानं दिलं तीच भेट. काहींना हे हिशेबी वाटलं. पण महिन्याभरानं एका बाईनं वही घरी नेऊन नवऱ्याला दाखवली. वर्षभरात आठ जोड भेट दिले होते, त्याचे तास आणि लोकर तिथं लिहिलेली होती. तो काही बोलला नाही, पण पुढच्या आठवडे बाजारातून तिच्यासाठी लोकरीचे चार गुंडे घेऊन आला. लिहिलं म्हणून दिसलं.

दुसरी गोष्ट निघाली ती एका साध्या प्रश्नावरून. बैठकीत विचारलं, "लग्नानंतर तुमच्यासाठी हातानं केलेली एखादी वस्तू कुणी दिली, त्यांनी हात वर करा." एकवीस जणींच्या गटात तीन हात वर आले. बाकीच्या अठरा जणींनी आयुष्यभर विणून दिलेलं, शिवून दिलेलं, त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मग एक आजी म्हणाल्या, "अगं, बाळंतविडा काय नुसता बाळाचा असतो? नावातच बाळंतीण आहे." खरंच आहे. त्यात साडी-चोळी असते, लाडू असतात, ते तिच्यासाठीच. पण लोकर आली आणि सगळी बाळाच्या अंगावर गेली. तिच्या डोक्याला बांधायला काही नाही, पहाटे उठून दूध पाजताना खांद्यावर घ्यायला काही नाही. गटानं ठरवलं, इथून पुढं गटातल्या कुठल्याही घरी बाळंतपण झालं, मुलगा असो की मुलगी, तर बाळाच्या जोडाबरोबर बाळंतिणीसाठी एक कानटोपी किंवा खांद्यावरची शाल विणायची. लोकर गटाच्या पैशातून, विणायचं पाळीनं. या थंडीत तशा चार शाली गेल्या. त्यातली एक दुसऱ्यांदा मुलगी झाली म्हणून जिच्या घरी कुणी बारशाचं नाव काढत नव्हतं तिला गेली. गटातल्या बाया शाल घेऊन गेल्या, मग पाळणाही बांधला गेला.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. तान्ह्या बाळाला विणताना जाळीचा नमुना मोज्यांना घेऊ नका, बोटं अडकतात. गळ्याला लांब नाडी नको, बटणं घट्ट लावा. बाजारात मिळणारी स्वस्त लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. ती आगीजवळ वितळते आणि अंगाला चिकटते. म्हणून शेक-शेगडीच्या वेळी बाळाच्या आणि बाळंतिणीच्या अंगावर ती ठेवू नका. तिथं आपलं सुती दुपटंच बरं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली हातानं केलेली एक जुनी वस्तू घेऊन या. गोधडी, कुंची, रुमाल, उसवत आलेला स्वेटर, काहीही. ती कुणी केली, कुणासाठी केली, तिनं कुणाकडून शिकली, एवढं सांगा. सचिव ताई ते वहीत लिहून घेतील. आणि इथून पुढं जे विणाल त्याच्या आतल्या बाजूला, काठाजवळ, रंगीत दोऱ्यानं आपलं नाव आणि साल घाला. गडांवर राजांची नावं आहेत, धरणांवर साहेबांची होती. आपल्या आज्यांनी केलेल्या गोधड्यांवर मात्र नाव सापडत नाही. नातवाला उद्या ट्रंकेत तो स्वेटर सापडेल तेव्हा विणणारीचं नाव त्याला वाचता आलं पाहिजे.

तुमच्या गटात भेट आणि विक्रीचं काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. रामराम!